उपद्रवी मुले आणि गप्प मुले

१८९७ च्या रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्टने बालगुन्हेगार कोणाला म्हणावे हे सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. कैदेची किंवा काळ्या पाण्याची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला, पंधरा वर्षांखालचा कोणताही मुलगा. मुलगाच; मुलीची त्या व्याख्येत सोयच नाही. अशा मुलाला तुरुंगात न घालता कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे सुधारगृहात ठेवावे, अठरा वर्षे पुरी झाल्यावर मात्र ठेवू नये, असे कायदा म्हणतो. मुंबईत असे सुधारगृह त्याच्याही चाळीस वर्षे आधीपासून होते. १८५७ साली निघालेली डेव्हिड ससून इंडस्ट्रियल अँड रिफॉर्मेटरी इन्स्टिट्यूशन ती हीच. मुलाच्या हाताला धंदा शिकवायचा, शिस्त लावायची आणि वयात आला की सोडून द्यायचे, अशी तिची रीत. आपल्याकडच्या किशोरवयीन मुलांच्या मानसिक उपचारांचा इतिहास लिहिणारा बहुधा वेड्यांच्या इस्पितळापासून सुरुवात करील. ती सुरुवात मला चुकीची वाटते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काय चालले आहे याची चौकशी करायला हवी, असे या शहरात सरकारदरबारी पहिल्यांदा वाटले ते डॉक्टरला नव्हे, मॅजिस्ट्रेटला. आणि तेही त्या मुलाचा मोठ्यांना त्रास झाला म्हणून. पुढच्या सव्वाशे वर्षांच्या व्यवस्थेवर या उगमाची छाप राहिली, असे माझे म्हणणे आहे. ज्याचा उपद्रव झाला त्याच्यासाठी एकेक दार उघडत गेले. ज्याने गप्प बसून सोसले त्याच्यासाठी, आणि त्याहून जास्त करून तिच्यासाठी, ते उघडायला फार उशीर लागला.

वेड्यांच्या इस्पितळांना वय ठाऊकच नव्हते. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे आणि येरवड्याचे १९१५ चे. त्यांचा कारभार ज्यावर चालायचा तो १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट वेड्या माणसाची व्याख्या एका ओळीत उरकतो. जन्मतः मंदबुद्धी असलेला किंवा चित्त ठिकाणावर नसलेला माणूस, एवढेच. बारा वर्षांचे पोर आणि साठीचा म्हातारा दोघेही त्याच ओळीत बसतात. पोलिसांना अधिकार होता तो रस्त्यात भटकणाऱ्या आणि धोकादायक वाटणाऱ्या वेड्यांना पकडून हजर करण्याचा. म्हणजे इथेही कसोटी तीच. घराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसणारी मुलगी भटकतही नाही आणि कोणाच्या अंगावरही धावून जात नाही, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती नव्हतीच. घरचे लोकही तिला तिकडे नेणार नव्हते, कारण ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ ही थट्टा ज्या समाजात रुळली होती, तिथे लग्नाच्या मुलीचे नाव त्या फाटकाशी जोडले जाऊ देणे म्हणजे तिच्या पाठच्या बहिणींचीही लग्ने अडवणे होते. मग देवऋषी, अंगारा, अमावास्येला उतारा, अंगात येणे, बाहेरची बाधा आणि सगळ्यांत रामबाण समजला जाणारा उपाय म्हणजे लग्न. मुलगा उनाड असो, मुलगी खुळ्यासारखी बसून राहत असो, दोघांनाही तेच औषध.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. किशोरवय ही कल्पनाच पश्चिमेची, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. स्टॅन्ली हॉलचा या विषयावरचा दोन खंडांचा ग्रंथ अमेरिकेत १९०४ साली निघाला आणि त्यानंतर हे वय वादळी असते ही समजूत जगभर पसरली. आपल्याकडे अकराव्या वर्षी मुलगी सासरी जायची आणि बाराव्या वर्षी मुलगा बापाच्या धंद्याला लागायचा. बालपण आणि प्रौढपण यांच्यात फटच नव्हती, मग त्या फटीतले आजार कुठून येणार, असा हा युक्तिवाद. त्यातले अर्धे मला मान्य आहे. शाळा, परीक्षा आणि उशिरा होणारी लग्ने यांनीच ही फट रुंद केली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली, तिला १३२ जण बसले आणि २२ पास झाले. नापास होऊन घरी परतणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हा प्राणी त्याआधी महाराष्ट्राने पाहिलाच नव्हता. पण नाव नसले म्हणजे दुःख नव्हते असे होत नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले, ते वैधव्य कोवळ्या वयातच येत असे म्हणून. १८८५ साली रखमाबाईंनी टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्रे लिहिली. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या बाईने बालविवाहात मुलीचे मन कसे खुरटते हे त्यांत मांडले होते. पुढे संमतिवयाचा कायदा होऊन १८९१ साली वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. त्या वादात शास्त्रार्थ झाला, सरकारने आमच्या धर्मात हात घालावा की नाही यावर रण माजले, शरीराची चर्चा झाली. त्या मुलीला रात्री कशाची भीती वाटते, हा प्रश्न कोणाच्या विषयपत्रिकेवर नव्हता. फट नव्हती हे खरे धरले तरी तिच्या जागी जे होते ते सुख नव्हते.

खरे वळण आले ते नागपाड्यात, आणि त्याची मुळे शिकागोत आहेत. १८९९ साली शिकागोला मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय निघाले. तेच ते मूल पुन्हा पुन्हा चोरी करून समोर येते तेव्हा न्यायाधीशाने करायचे काय, या पेचातून १९०९ साली विल्यम हीली नावाच्या डॉक्टरने त्या न्यायालयाच्या जोडीने एक चिकित्सालय चालवायला घेतले. मुलाने काय केले हे पोलीस सांगतील. का केले हे आपण पाहू, असा त्याचा रोख होता. १९२० नंतर कॉमनवेल्थ फंडाच्या पैशावर अशी बालमार्गदर्शन केंद्रे अमेरिकेत ठिकठिकाणी निघाली. इकडे मुंबई सरकारने १९२४ साली बालकांचा कायदा केला आणि १९२७ साली मुंबईत बालन्यायालय आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी सुरू झाली. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ साली मुंबईत आले आणि त्यांनी नागपाडा नेबरहूड हाउस उभारले. १९३६ साली त्याच जागेत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ही सुरुवात. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, या शाळेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. भारतातले ते पहिले. सुधारगृह, न्यायालय, समाजकार्याची शाळा आणि चिकित्सालय ही माळ शिकागोत ज्या क्रमाने ओवली गेली, जवळपास त्याच क्रमाने ती मुंबईतही ओवली गेली, आणि तीही न्यायालय निघाल्यापासून दहा वर्षांत.

केंद्राचे काम तिघे मिळून करीत: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता. डॉक्टरने मुलाला तपासायचे आणि त्याच्याशी बोलायचे, मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घ्यायच्या, समाजकार्यकर्त्याने आईला बोलते करायचे आणि घरी जाऊन यायचे. केस-हिस्टरी या नावाने आज जो कागद प्रत्येक समुपदेशकाच्या टेबलावर असतो, त्याची ही सुरुवात. बाळंतपण कसे झाले, मूल चालायला कधी लागले, कोणती दुखणी काढली, शाळा किती बदलल्या, घरात माणसे किती, झोपायला जागा कुठे, बापाची नोकरी कोणती आणि दारू किती. बहुसंख्य मुंबईकर जेव्हा एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते, तेव्हा यातला ‘झोपायला जागा कुठे’ हा प्रश्न चोरीच्या आरोपाइतकाच महत्त्वाचा होता. गिरणीच्या रात्रपाळीहून आलेला बाप दिवसा खोलीत झोपतो, म्हणून मूल रस्त्यावर. रस्त्यावर म्हणून टोळीत. टोळीत म्हणून कोर्टात. हा क्रम उलगडून दाखवण्याची रीत या पद्धतीने दिली, आणि दोष मुलाच्या रक्तातून काढून परिस्थितीत ठेवला. हे अमेरिकेचे उसने ज्ञान, अशी टीका त्यावर होऊ शकते. उसने होतेच. पण उसन्या वस्तूचा उपयोग इथल्या खोलीत झाला, इथल्या भाषेत झाला. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांवर वापरून तिची इथली आवृत्ती बेतली. १९४० साली त्यावर त्यांचे पुस्तक निघाले आणि ‘बिने-कामत’ हे जोडनाव दवाखान्यांत कायमचे झाले. आकडे ऐकून तसेच परत म्हणा, उलट्या क्रमाने म्हणा, या वाक्यात वेडगळ काय आहे ते सांगा, असले प्रश्न विचारून बुद्ध्यांक काढणारी ही चाचणी आजही दाखल्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना दिली जाते. शंभरीकडे निघालेल्या एखाद्या चाचणीवर अजून दाखले निघावेत, ही कामतांची थोरवी म्हणावी की त्यांच्या मागून आलेल्यांचा आळस, हे वाचकाने ठरवावे.

याच ठिकाणी माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. नागपाड्याच्या केंद्राने प्रश्न बदलला, पण दार बदलले नाही. मूल तिथे स्वतः चालत येत नसे. त्याला कोणीतरी आणत असे. आणणारा न्यायालयाचा माणूस असे, शाळामास्तर असे, नाहीतर कावलेला बाप असे. त्या काळच्या बालमार्गदर्शनाच्या लिखाणात चोरी, खोटे बोलणे, शाळा बुडवणे, घरातून पळून जाणे, अंथरूण ओले करणे, हट्ट आणि अभ्यासात मागे पडणे या तक्रारी वारंवार भेटतात. त्यांतली प्रत्येक गोष्ट मोठ्यांच्या डोळ्यांत खुपणारी आहे. आणि यातला धोका त्या क्षेत्रातल्या लोकांना माहीत नव्हता असेही नाही. १९२८ साली, म्हणजे नागपाड्याच्या केंद्राच्या नऊ वर्षे आधी, विकमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने शिक्षकांना आणि मानसोपचारातल्या तज्ज्ञांना मुलांच्या वर्तनातले गंभीर दोष कोणते ते वेगवेगळे विचारले. शिक्षकांनी वरच्या जागा दिल्या त्या चोरी, उद्धटपणा आणि लैंगिक चाळ्यांना. तज्ज्ञांच्या मते सर्वांत काळजीची होती ती एकलकोंडी, संशयी, उदास, मिसळायला घाबरणारी मुले. शिक्षकांच्या यादीत ती बरीच खाली होती. तेव्हा गप्प मुलाचे दुखणे जास्त खोल असू शकते हे ज्ञान उपलब्ध होते. पण केंद्राकडे मूल धाडायचे की नाही हे ठरवणारा तज्ज्ञ नव्हता, मास्तर होता. कामतांच्या चाचणीनेही इथे मदत केली नाही. ती बुद्धी मोजत होती. आणि रात्रभर रडून सकाळी वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीची बुद्धी बहुधा चांगलीच भरते.

मग त्या काळात मुलाला किंवा तरुणाला स्वतःहून कोणाला काही विचारता येईल असे ठिकाण होते का? एक होते, आणि ते दवाखाना नव्हते. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात, १९२७ पासून, वाचकांची पत्रे येत आणि कर्वे त्यांना रोखठोक उत्तरे देत. हस्तमैथुनाने आपला नाश होणार, या भीतीने तेव्हाची तरुण मुले झुरत होती. धातू जाते, अंग सुकते, स्मरणशक्ती जाते, वेड लागते, हे वैदू सांगत, औषधांच्या जाहिराती सांगत आणि शाळेतले नीतिपाठही आडवळणाने तेच सांगत. या भीतीला पुढे १९६० साली नरेंद्र विग यांनी ‘धात सिंड्रोम’ म्हणून वैद्यकीय नाव दिले. पण त्याच्या कितीतरी आधी मराठीत एक माणूस, या गोष्टीने काहीही होत नाही, असे छापून सांगत होता. पत्र लिहिणाऱ्याला नाव सांगावे लागत नसे, बापाची परवानगी लागत नसे, मास्तरची चिठ्ठी लागत नसे. पोस्टाचे तिकीट पुरे. अशा प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांबद्दल लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे आणि लोक प्रश्न विचारतात तर उत्तरही मिळाले पाहिजे, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मानसिक आरोग्याच्या इतिहासात हा खटला सहसा कोणी मोजत नाही, तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खात्यावर टाकतात. मला तो या इतिहासाच्या मध्यभागी दिसतो. नागपाड्याचे केंद्र निघण्याच्या तीन वर्षे आधी, आतून उघडता येणारे एकमेव दार न्यायालयाने दंडनीय ठरवले होते.

नंतरची पन्नास वर्षे थोडक्यात सांगता येतील, कारण त्यांत नवे फार थोडे झाले. १९३८ साली जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसाणी यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, तेव्हा वेड्याचा शिक्का न घेता उपचार मिळण्याची सोय मुंबईत झाली. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तो असा: इंग्लंडमध्ये सुमारे तीनशे माणसांमागे मनोरुग्णालयाची एक खाट, हिंदुस्थानात सुमारे चाळीस हजारांमागे एक. मोठ्यांचेच हे हाल, तिथे मुलांचे कोण विचारतो? १९४८ च्या मुंबई बालक अधिनियमात आईबापांना न आवरणाऱ्या मुलाला न्यायालयापुढे आणण्याची तरतूद होती; आईबापच ज्याला आवरत नाहीत अशा मुलाने स्वतःहून कुठे जावे, याची नव्हती. १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्यामागे अनिल अवचटांची ‘गर्द’वरची लेखमाला होती, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा पैसा आणि पाठिंबा होता, अनिता अवचटांचे कष्ट होते. गर्द म्हणजे ब्राउन शुगर; ती कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचली, सुशिक्षित घरांतली भांडीकुंडी विकली जाऊ लागली, तेव्हा मध्यमवर्ग हादरला आणि काम उभे राहिले. त्या कामाने माणसे वाचवली यात शंका नाही. पण इथेही उपद्रवानेच दार ठोठावले हे नोंदवले पाहिजे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सोळा वर्षांखालच्यांसाठी स्वतंत्र रुग्णालये काढता येतील, असे एक कलम आले. काढता येतील, काढलीच पाहिजेत असे नव्हे. सरकारी कायद्यातल्या अशा कलमांचे पुढे काय होते हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) ही संस्था काढली, आणि आजार होण्याची वाट न पाहता मुलांशी, पालकांशी मनाविषयी बोलायचे असते ही गोष्ट मराठी मध्यमवर्गात हळूहळू रुजली. पण तो वर्ग लहान, आणि शहरी.

आता दुसरा, अधिक अवघड आक्षेप. गप्प मुले खरोखरच इतकी आहेत का? की समुपदेशकांचा धंदा वाढावा म्हणून साध्या रुसव्याला नैराश्य आणि साध्या धाकधुकीला विकार म्हणण्याची चाल पडली आहे? या आक्षेपाला गोव्यातून चांगला पुरावा मिळतो. संगाथ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी गोव्यातल्या बारा ते सोळा वयाच्या दोन हजारांवर मुलामुलींची पाहणी केली आणि २००८ साली निष्कर्ष छापले. निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला तो फक्त १.८ टक्के मुलांत. पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांच्या मानाने हे अगदी थोडे. कुटुंब हा ज्यांचा मुख्य आधार होता त्यांच्यात विकार कमी होते, असेही दिसले. आमची कुटुंबव्यवस्थाच आमचे औषध, असे म्हणणाऱ्यांना याहून सोयीचा कागद मिळणार नाही. पण तोच कागद पुढे वाचावा. शहरी मुलांत प्रमाण जास्त होते, आणि मुलगी म्हणून दुजाभाव सोसणाऱ्या मुलींतही. म्हणजे ज्या घरात आधार आहे तिथे तो खराच आहे, आणि ज्या घरातच दुखणे आहे तिथे त्याच घराला औषध म्हणता येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातले प्रमाण ७.३ टक्के निघाले, महानगरांत त्याच्या जवळपास दुप्पट. पाहणीची रीत आणि प्रदेश वेगळे असल्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून भांडण मिटवता येणार नाही, आणि मी मिटवतही नाही. लहान आकडाच खरा धरा. तरीही एका मोठ्या शाळेत हजारामागे अठरा मुले होतात. शिवाय या वादात एक आकडा असा आहे ज्याला निदानाची फॅशन म्हणता येत नाही. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या भारतातील आत्महत्यांच्या अभ्यासात असे दिसले की स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ५६ टक्के पंधरा ते एकोणतीस या वयातल्या होत्या; पुरुषांच्या बाबतीत ४० टक्के. सरकारच्या गुन्हे नोंद विभागाने २०२१ साली देशभरात १३,०८९ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या; त्यांत सर्वाधिक, १,८३४, महाराष्ट्रातल्या. आपली लोकसंख्या मोठी, नोंदही इतरांपेक्षा बरी, हे मान्य करूनही तो आकडा खाली येत नाही. आणि यातली कितीतरी मुले कोणाच्याही तक्रारवहीत कधीच नव्हती. ‘काही बोलला नाही हो’, हे वाक्य अशा प्रत्येक बातमीत असते.

अतिनिदानाची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. शिक्का मारणाऱ्यांचा इतिहास वाईटच आहे. ज्याला एके काळी ‘न आवरणारा’ म्हटले त्याला आज इंग्रजी चार अक्षरांचे नाव देऊन गोळी चालू करणे म्हणजे सुधारणा नव्हे. पण या भीतीवरचा उपाय दार बंद करणे हा नाही. दाराशी कोण बसवायचा, हे नीट ठरवणे हा आहे. याविषयी बिहारमधल्या एका प्रयोगाने मोलाचे काही दाखवले. सरकारी माध्यमिक शाळांत मुलांच्या स्वास्थ्यासाठी एकच कार्यक्रम दोन तऱ्हांनी राबवला गेला: काही शाळांत तिथल्याच शिक्षकांकडून, काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, डॉक्टर नसलेल्या, साधे प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून. काही शाळांत काहीच नाही. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य आणि दांडगाई दोन्ही घटली. शिक्षकांच्या शाळांत, काहीच न केलेल्या शाळांच्या मानाने, म्हणावा असा फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’ने छापले. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ नाही. गुण देणारा, हजेरी घेणारा आणि शिक्षा करणारा माणूस आपल्या मनातले ऐकायला बसला, तर मूल त्याला मनातले सांगत नाही. हे विकमनच्या पाहणीतून नव्वद वर्षे आधीच कळायला हरकत नव्हती. त्या कार्यक्रमात शाळेत एक पेटीही ठेवली होती, मुलांनी नाव न घालता चिठ्ठ्या टाकण्यासाठी. कर्व्यांच्या टपालापासून तिथपर्यंत यायला आपल्याला आठ दशके लागली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बरेच चांगले केले. अठरा वर्षांखालच्या रुग्णाला मोठ्यांपासून वेगळे ठेवले पाहिजे, त्याला दाखल केल्याची खबर बहात्तर तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला दिली पाहिजे, मंडळाच्या परवानगीवाचून त्याला विजेचे झटके देता येणार नाहीत. १९१२ च्या एका ओळीच्या व्याख्येनंतर हे फार मोठे अंतर आहे. पण अल्पवयीनाच्या वतीने अर्ज करायचा तो त्याच्या प्रतिनिधीने, म्हणजे बहुतेक वेळा आईबापांनी, हे याही कायद्यात कायम आहे. दाखल करणे आणि औषधे देणे यासाठी ते योग्यच आहे. सोळा वर्षांच्या मुलाने एकट्याने गोळ्यांचा निर्णय घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीचा आहे, पहिल्या बोलण्याचा. बोलायला पालकाची सही लागता कामा नये. २०१४ साली आलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत महाराष्ट्रात ‘मैत्री’ क्लिनिक चालतात, तिथे मुलामुलींनी स्वतःहून जाणे अपेक्षित आहे. पण ज्या मुलीला घरून शाळेत आणि शाळेतून घरी एवढाच रस्ता मोकळा आहे, ती ग्रामीण रुग्णालयात कोणत्या निमित्ताने जाणार? त्या मानाने टेलिफोन बरा. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते. दरवर्षी दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर परीक्षा मंडळ समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करते आणि निकाल लागला की ते विसरले जातात. मुख्याध्यापकांना आणि शाळा चालवणाऱ्या संस्थांना माझी एवढीच विनंती आहे: हा क्रमांक पाचवीपासून पुढच्या प्रत्येक मुलाच्या शालेय डायरीत, वेळापत्रकाच्या पानावर, जून महिन्यातच छापा, आणि त्याखाली लिहा की फोन करायला कोणाला विचारावे लागत नाही.